पाणी, रेडिएटरसाठी

सकाळी सातलाच सोंडा सुटला होता.
डोंगरावरून उतरणारा हा तापट वारा
आमच्या सान हुआनमध्ये दारं आपटतो, दूध नासवतो,
सख्ख्या भावांना बांधावरून भांडायला लावतो.
असल्या दिवशी नोटरीच्या कचेरीत मी
कुणाच्या मृत्युपत्रावर शिक्कासुद्धा मारत नाही.
आणि आज हेल्मेटात डोकं कोंबून
अडतीस सालच्या शेवरोलेत बसलेली,
नंबर एकसष्ट, दारावरचा रंग अजून ओला.

गाडी मी खुराड्यातून विकत घेतली.
अक्षरशः. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.
कासिमिरोने दोन वर्षं इंजिन उघडलं, मिटलं, शिव्या घातल्या.
संध्याकाळी मी नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत बसायचे.
धुणारीनेच चालवायचं
असं कुठे ठरलं होतं?
पण कासिमिरोचा गुडघा गेला.
"क्लच तू दाब," म्हणाला, "नकाशा मी धरतो."

झेंडा पडला
आणि मी पहिला समजून तिसरा गिअर टाकला.
गाडीने एक उचकी दिली. बंद.
मागून शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं,
"आजी, चुलीवर काही ठेवून आलीस का?"
मी एक्कावन्नची. कुणाची आजी नाही.
कासिमिरो गप्प.
त्याच्या गप्प बसण्यालाही ग्रीसचा वास येतो.

मग सुटलो.
पॉपलरच्या रांगा, कोवळ्या द्राक्षवेली,
पाटाचं पाणी एकदाच चमकलं
आणि पाणी नावाची गोष्टच संपली.
सपाट. पांढरं. डांबर मऊ पडलेलं.
हातमोज्यातूनही स्टिअरिंगचा चटका,
चिमट्याशिवाय तवा धरावा तसा.
नव्वद. पंच्याण्णव.
शंभरला सीटखालून एक पीस निघालं,
पांढरं, कोंबडीचं,
आमच्या दोघांमध्ये गरगरत राहिलं.
मी हसले, चांगली खदाखदा,
आणि ते मलाच ऐकू आलं नाही.

त्रेसष्टाव्या किलोमीटरला काटा लाल.
मग वाफ.
"थांब."
थांबणं एवढंच मला नीट येत होतं.
पाण्याचा कॅन हिसक्यात कधीच फुटलेला,
भर वाळवंटात आमच्या डिकीत चिखल.

रस्त्याकडेला दिफुंता कोर्रेआची देवळी होती.
नवऱ्यामागे चालत निघालेली ती
तहानेने मेली इथल्याच कुठल्यातरी मातीत,
आणि अंगावरचं पोर पीत राहिलं, जगलं.
म्हणून ट्रकवाले तिला पाणी ठेवून जातात.
शेकडो बाटल्या. सोड्याच्या, तेलाच्या, औषधाच्या,
काहींत शेवाळ,
काही कालच्याच असाव्यात इतक्या नितळ.

"तिचं पाणी घेत नाहीत,"
सकाळपासूनचं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

एक लाल फोर्ड गेली. दोन डॉज.
शिट्टी मारणाराही गेला, हात हलवून.
मी कचेरीत रोज बघते
मेलेल्यांचं जिवंतांपर्यंत कसं पोचतं ते.
सही लागते. तारीख लागते. साक्षीदार.
नकाशाच्या पाठीवर लिहिलं :
सात बाटल्या, उसन्या.
"इथे सही कर, कासिमिरो."
त्याने आधी हात पँटला पुसले.
कागद दगडाखाली ठेवला.

मग टोपणावर चिंधी धरून तो बसून राहिला,
उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तसा,
वीस मिनिटं.
शर्यतीत वीस मिनिटं किती मोठी असतात
ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.
सहा बाटल्या रेडिएटरने गटागटा घेतल्या.
सातवी आम्ही दोघांनी.

शेवटून पहिली आले.
झेंडेवाला एम्पनाडा खात होता,
त्याने तोंड पुसायचा रुमालच हलवला.
वेळ कुणी लिहून घेतली नाही.

अंधार पडता पडता दुकानात गेले. सात बाटल्या.
दुकानदार म्हणाला, "साध्या देऊ की फ्रिजमधल्या?"
रेडिएटरला काय, काहीही चालतं.
"थंड दे," म्हटलं.